वाचक विचारतात : नॉर्वेचे नट-नट्या आणि त्यांची रंगभूमी

मागील अंकात उत्तर युरोपातील चित्रपटांवर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर नॉर्वेच्या अभिनेत्यांविषयी विचारणा करणारी पत्रे आमच्याकडे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न (सांगली) : आमच्या फिल्म सोसायटीत बर्गमनचे चित्रपट दाखवताना लिव्ह उलमन या स्वीडिश अभिनेत्री असल्याचे सांगण्यात आले. आपल्या लेखात मात्र त्यांना नॉर्वेच्या म्हटले आहे. खरे काय?

उत्तर : लिव्ह उलमन नॉर्वेच्याच. जन्म मात्र ना नॉर्वेत झाला, ना स्वीडनमध्ये. वडिलांच्या नोकरीमुळे त्या 16 डिसेंबर 1938 रोजी टोकियोत जन्मल्या आणि पुढे ट्रॉनहाइम या नॉर्वेतील शहरात वाढल्या. ऑस्लोच्या नाट्यशाळेने त्यांना प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांनी काही महिने लंडनमध्ये शिक्षण घेतले आणि 1957 मध्ये स्तावांगेर येथील नाट्यगृहात अ‍ॅन फ्रँकच्या भूमिकेतून व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवले. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांची आणि त्यांची गाठ पडली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तोपर्यंत ऑस्लोच्या प्रेक्षकांना त्या रंगभूमीवरील नटी म्हणून चांगल्याच परिचित झालेल्या होत्या.

गैरसमज होण्याचे कारण उघड आहे. ज्या चित्रपटांनी त्यांना जगभर नेले ते बहुतेक स्वीडिश होते, आणि नॉर्वेजियन, स्वीडिश व डॅनिश या भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की तिन्ही देशांतील कलावंत एकमेकांच्या रंगभूमीवर आणि पडद्यावर सहज ये-जा करतात. 1966 च्या ‘पर्सोना’मध्ये तर भाषेचा प्रश्न फारसा उरतच नाही, कारण उलमन यांनी रंगवलेली एलिझाबेत फोग्लर ही नटी ‘इलेक्ट्रा’चा प्रयोग चालू असताना मध्येच गप्प होते आणि त्यानंतर चित्रपटभर जवळजवळ मौनच पाळते. या चित्रपटातील एक प्रसंग अभिनयाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. एलिझाबेतची शुश्रूषा करणारी परिचारिका आल्मा तिला तिच्याच नकोशा मातृत्वाची कथा ऐकवते. हे संपूर्ण भाषण बर्गमन दोनदा दाखवतात. पहिल्या वेळी कॅमेरा ऐकणाऱ्या उलमन यांच्या चेहऱ्यावर खिळलेला असतो, दुसऱ्या वेळी तेच शब्द बोलणाऱ्या बीबी आंदेर्सन यांच्या चेहऱ्यावर. पहिल्या वेळी उलमन यांच्या वाट्याला एकही शब्द नाही. तरीही आरोप ऐकणाऱ्या बाईच्या ओठांच्या कोपऱ्यांत आणि पापण्यांत जे घडत जाते, त्यामुळे बोलणाऱ्या आल्माची आठवणही आपल्याला राहत नाही. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे मर्म या काही मिनिटांत सापडते.

यान ट्रोएल यांच्या 1971 च्या ‘द एमिग्रंट्स’साठी आणि 1976 च्या ‘फेस टू फेस’साठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि 2022 मध्ये त्यांना मानद ऑस्कर देण्यात आला. मात्र रंगभूमीशी असलेले नाते त्यांनी कधी तोडले नाही. 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर त्यांनी नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या ‘डॉल्स हाउस’ची नायिका नोरा साकारली, आणि 2009 मध्ये सिडनी येथे केट ब्लँचेट यांना घेऊन टेनेसी विल्यम्सचे नाटक दिग्दर्शित केले.

प्रश्न (पुणे) : इब्सेनच्या ‘डॉल्स हाउस’मधील नोरा नॉर्वेत सर्वप्रथम कुणी साकारली? त्या काळी तेथे स्त्रिया रंगभूमीवर काम करीत होत्या का?

उत्तर : स्त्रिया काम करीत होत्याच. तेथील खरा तंटा भाषेचा होता. ‘डॉल्स हाउस’चा पहिला प्रयोग नॉर्वेत झालाच नाही. तो 21 डिसेंबर 1879 रोजी कोपनहेगनच्या राजेशाही नाट्यगृहात झाला आणि नोरा होत्या बेट्टी हेनिंग्स या डॅनिश अभिनेत्री. नॉर्वेत हे नाटक जानेवारी 1880 मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरात, आले. तेथे योहाने यूएल यांनी नोरा साकारली.

नॉर्वे 1814 पर्यंत डेन्मार्कच्या राजसत्तेखाली होता. राज्य गेले तरी रंगभूमीवरची डॅनिश भाषा काही गेली नाही. क्रिस्तियानियाच्या मुख्य नाट्यगृहात पुढे कितीतरी वर्षे डॅनिश नट डॅनिश उच्चारांत बोलत राहिले, आणि नॉर्वेजियन उच्चार हे नोकर-चाकर अथवा खेडुतांच्या विनोदी पात्रांपुरतेच शोभतात, अशी सुशिक्षितांचीही समजूत होती. याला पहिले संघटित उत्तर मिळाले ते बेर्गेन शहरात. 1850 मध्ये तेथे ओले बुल या विख्यात व्हायोलिनवादकाने नॉर्वेजियन नटांचे नाट्यगृह उभे केले, आणि पुढच्याच वर्षी तरुण हेन्रिक इब्सेनला तेथे नोकरीला ठेवून घेतले. इब्सेन तेथे 1857 पर्यंत होता. पडद्यामागचे सारे व्यवहार त्याने याच काळात शिकून घेतले. राजधानीत 1856 मध्ये पुढे नाटककार म्हणून गाजलेला ब्यर्नस्त्यर्ने ब्यर्नसन आणि त्याच्या सोबत्यांनी डॅनिश नटांच्या विरोधात प्रेक्षागृहात शिट्ट्या वाजवून प्रयोग हाणून पाडण्याचा घाट घातला. हा प्रकार सभ्य म्हणता येणार नाही, पण त्याचा परिणाम झाला.

1 सप्टेंबर 1899 रोजी ऑस्लोच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचे दार उघडले आणि या झगड्याचा निकाल लागला. दारासमोर इब्सेन आणि ब्यर्नसन यांचे पुतळे उभे राहिले, तेही दोघे हयात असताना. या नव्या नाट्यगृहाच्या पहिल्या पिढीची महाराणी म्हणजे योहाने डिब्वाद, आणि त्या पहिल्या नोराच्या, म्हणजे योहाने यूएल यांच्याच कन्या. आईप्रमाणे त्यांनीही नोरा केली, इब्सेनच्या अनेक नायिका केल्या, दिग्दर्शनही केले. आज या नाट्यगृहासमोरील चौक त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

जाता जाता एक गोष्ट. मराठी रंगभूमीचा या दोन्ही नाटककारांशी जुना ऋणानुबंध आहे. 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने केशवराव दाते आणि ज्योत्स्ना भोळे यांना घेऊन रंगभूमीवर आणलेले ‘आंधळ्यांची शाळा’ हे ब्यर्नसनच्या नाटकावर आधारलेले होते, आणि अनंत काणेकरांचे ‘घरकुल’ हे ‘डॉल्स हाउस’चे रूपांतर. इब्सेनचे नाव सर्वतोमुखी झाले आणि ब्यर्नसन विस्मृतीत गेला, हा त्याच्यावर थोडा अन्यायच आहे.

प्रश्न (कोल्हापूर) : आपल्याकडे जशी नाट्यघराणी आहेत तशी नॉर्वेत आहेत का?

उत्तर : आहेत, आणि त्यांतील एकाची वंशावळ तर कादंबरीत शोभावी अशी आहे. इब्सेनचा मुलगा सिगुर्द याचा विवाह ब्यर्नसनची मुलगी बेर्ग्लियोत हिच्याशी झाला. त्यांचा पुत्र तांक्रेड इब्सेन हा अशा रीतीने दोन्ही प्रतिस्पर्धी नाटककारांचा नातू. आजोबांच्या छायेत नाटक लिहिण्याऐवजी त्याने चित्रपट जवळ केला, हे शहाणपणाचेच म्हणावे लागेल. नॉर्वेचा पहिला बोलपट 1931 मध्ये आला, तो त्याच्याच सहभागाने. त्याची पत्नी लिल्लेबिल इब्सेन ही नर्तकी आणि अभिनेत्री होती.

तांक्रेडच्या 1937 च्या ‘फान्त’ आणि 1939 च्या ‘येस्ट बोर्डसेन’ या चित्रपटांचा नायक होता आल्फ्रेड माउरस्टाड. पश्चिम किनाऱ्यावरच्या गावाकडून आलेला, लोकवाद्य वाजवणारा हा नट प्रेक्षकांच्या गळ्यातील ताईत बनला. त्याची पहिली पत्नी तोर्दिस माउरस्टाड ही स्वतः मोठी अभिनेत्री, आणि त्यांचे पुत्र टोरालव्ह माउरस्टाड यांनी तर इब्सेनच्या ‘पेअर गिंट’पासून हलक्याफुलक्या संगीतिकांपर्यंत सर्व काही केले. 1978 ते 1986 या काळात ते राष्ट्रीय नाट्यगृहाचे प्रमुख होते, आणि 2022 मध्ये त्यांचे निधन झाले. गंमत अशी की नॉर्वेतील लहान मुलांना हे ज्येष्ठ नट ठाऊक असतात ते एका बाहुलीपटातील भित्र्या हेजहॉगच्या (काटेरी अंगाच्या छोट्या प्राण्याच्या) आवाजामुळे. 1975 च्या त्या चित्रपटाची तिकिटे देशाच्या त्यावेळच्या लोकसंख्येहूनही अधिक खपली.

प्रश्न (नागपूर) : दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या नटांनी नाझींविरुद्ध संप केला होता, असे वाचले. हे कितपत खरे?

उत्तर : पूर्णपणे खरे आहे. एप्रिल 1940 मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केल्यानंतर नभोवाणी नाझींच्या हाती गेली आणि नामवंत नटांनी तेथे कार्यक्रम करावेत असा आग्रह सुरू झाला. लोकांच्या ओळखीचा, विश्वासाचा आवाज मिळाला की बातमीपत्रालाही वजन येते, हे नव्या सत्ताधाऱ्यांना पक्के ठाऊक होते. नटांनी नकार दिला. मे 1941 मध्ये नकार देणाऱ्या सहा जणांचे काम करण्याचे परवाने रद्द करण्यात आले, तेव्हा ऑस्लोतील सहकाऱ्यांनी काम बंद केले आणि संप बेर्गेन व ट्रॉनहाइमपर्यंत पसरला. अटका झाल्या, मृत्युदंडाची धमकी देण्यात आली, आणि काही आठवड्यांनी पडदा पुन्हा वर गेला. पण यानंतर प्रेक्षकांनीच नाझीधार्जिण्या व्यवस्थापनाच्या प्रयोगांकडे पाठ फिरवली. रिकाम्या खुर्च्यांसमोर नाटक करणे हा नटासाठी केवढा दंड असतो, हे रंगभूमीवरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. तो दंड या नटांनी आपल्याच लोकांकडून, मनातून त्यांचे समर्थन करीत, सोसला.

या प्रकरणातील सर्वांत दुःखद नाव हेन्री ग्लेडिच यांचे. नट आणि दिग्दर्शक असलेल्या ग्लेडिच यांनी 1937 मध्ये ट्रॉनहाइम येथे ट्रेंडेलाग नाट्यगृहाची नवी संस्था उभी केली होती. त्यांचे प्रयोग ज्या वास्तूत होत, तिच्यातील जुना रंगमंच 1816 पासूनचा आहे. ग्लेडिच नव्या सत्तेची रंगमंचावरून उघड टिंगल करीत. 6 ऑक्टोबर 1942 रोजी त्या भागात लष्करी कायदा पुकारण्यात आला. घातपाताच्या कृत्यांचे प्रायश्चित्त म्हणून शहरातील दहा प्रतिष्ठित नागरिकांना पकडून, कोणताही खटला न चालवता, त्याच दिवशी गोळ्या घालण्यात आल्या. ग्लेडिच त्या दहांपैकी एक होते.

प्रश्न (ठाणे) : एवढ्याशा देशात नटांचे पोट कसे भरते? चित्रपटातील नट नाटकेही करतात का?

उत्तर : प्रश्नाचा क्रम उलटा करावा लागेल. तेथे नाटकातील नट चित्रपट करतात, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. याचे मूळ एका कायद्यात आहे. 1913 च्या कायद्याने चित्रपटगृहांना परवाने देण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला आणि लवकरच बहुतेक शहरांतील चित्रपटगृहे नगरपालिकांच्याच मालकीची झाली. तिकिटांचा नफा नगराच्या इतर कामांकडे गेला आणि चित्रपट काढणाऱ्यांच्या हाती भांडवल साचलेच नाही. परिणामी कित्येक दशके वर्षाला मोजकेच चित्रपट निघत. नाट्यगृहांना मात्र सरकारी अनुदान मिळू लागले, आणि त्यांच्या पदरी पगारी नटांचा कायम संच असे. नाट्यगृहे उन्हाळ्यात बंद असताना चित्रपटाचे चित्रीकरण उरकायचे, अशीच जुनी रीत होती.

हा कायम संच आजही मोठ्या नाट्यगृहांत आहे, पण तरुणांपैकी अनेकांना करारावर काम करावे लागते. त्यांच्यासाठी 2012 पासून सरकारी मदतीने चालणारी एक संस्था आहे. अनुभवी मुक्त नट व नर्तकांना ती नोकरीत ठेवते आणि दोन कामांमधल्या रिकाम्या काळात पगार देते. काम मिळाले की नट तेवढ्यापुरता तिच्या वेतनातून बाजूला होतो. आपल्याकडील नाट्यसंस्थांनी आणि सरकारने या व्यवस्थेचा अभ्यास करावा, असे सुचवावेसे वाटते. याखेरीज युद्धानंतर स्थापन झालेली ‘रिक्सतेआत्रे’ ही फिरती सरकारी नाट्यसंस्था आहे. ती दूरच्या गावांतील सभागृहांतही प्रयोग घेऊन जाते, आणि नॉर्वेचा उत्तर-दक्षिण विस्तार व तेथील हिवाळा पाहता हे दौरे म्हणजे चेष्टा नव्हे.

प्रवेशाचे दार मात्र अरुंद आहे. 1953 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी नाट्यशाळेत अभिनयासाठी मोजक्याच जागा असतात. ‘मॅक्स मानुस’ आणि ‘हेडहंटर्स’ या चित्रपटांमुळे प्रसिद्धीस आलेले आक्सेल हेन्नी यांना तेथे प्रवेश मिळाला तो चौथ्या अर्जानंतर.

प्रश्न (रत्नागिरी) : नॉर्वेच्या रंगभूमीवर बोलीभाषांना स्थान आहे का?

उत्तर : फार मोठे. ग्रामीण बोलींच्या आधारे घडवलेली नीनोर्स्क ही नॉर्वेची दुसरी अधिकृत लेखनभाषा. तिच्यासाठी 1912 मध्ये ‘देत नोर्स्के तेआत्रे’ ही स्वतंत्र नाट्यसंस्था स्थापन झाली. 1913 मध्ये राजधानीत तिचे प्रयोग सुरू झाले तेव्हा शहरी प्रेक्षकांनी रात्रीमागून रात्री गोंधळ घातला आणि प्रकरण हाणामारीवर गेले. आज हीच संस्था देशातील आघाडीच्या नाट्यगृहांत गणली जाते. 2023 चे नोबेल मिळवणारे युन फोस्से याच भाषेत लिहितात. त्यांच्या संवादांत विरामचिन्हे जवळजवळ नसतात, त्याच त्या वाक्यांची किंचित फरकाने पुनरावृत्ती होते आणि पानापानावर थांबण्याच्या सूचना असतात. नाटककाराने श्वासाच्या जागा दाखवायच्या आणि अर्थाच्या जागा नटाने शोधायच्या, असा हा मामला असल्याने, फोस्सेची नाटके करणारा नट शांततेचे मोजमाप करायला शिकतो.

उत्तरेकडील सामी या मूलनिवासी लोकांचीही स्वतःची रंगभूमी आहे. काउतोकेइनो येथे 1981 मध्ये सुरू झालेल्या बेआइव्वाश या संस्थेच्या संस्थापकांत निल्स गाउप हे नट होते. पुढे 1987 मध्ये त्यांनी सामी भाषेतील ‘पाथफाइंडर’ हा चित्रपट दिग्दर्शित केला, मिक्केल गाउप हा सामी नट त्याचा नायक होता, आणि चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला.

प्रश्न (मुंबई) : ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधील तांबड्या दाढीचा टॉर्मंड नॉर्वेचा आहे म्हणतात. या नटांचे इंग्रजी इतके चांगले कसे?

उत्तर : होय, ते क्रिस्टोफर हिव्यू. त्यांचे वडील एरिक हिव्यू हेही नट. इंग्रजीचे म्हणाल, तर नॉर्वेत परदेशी चित्रपट आणि मालिका मूळ भाषेतच, खाली अक्षरपट्टी देऊन दाखवतात. ध्वनिमुद्रण बदलले जाते ते मुख्यतः लहान मुलांच्या चित्रपटांचे. त्यामुळे इंग्रजी लहानपणापासून कानांवर पडते. 2012 च्या ‘कोन-टिकी’मध्ये पोल स्वेरे हागेन आणि इतर नटांनी तर प्रसंग एकदा नॉर्वेजियनमध्ये आणि एकदा इंग्रजीत, असे दोन्ही भाषांत चित्रित केले. पूर्वी हे इतके सोपे नव्हते. ‘हेल्स एंजल्स’ हा चित्रपट मूकपट म्हणून तयार होत असताना त्याची नायिका ग्रेता निस्सेन ही नॉर्वेची नटी होती. बोलपटाचे युग आले, तिचे उच्चार अडचणीचे वाटले, आणि तिचे प्रसंग पुन्हा चित्रित करून तिच्या जागी जीन हार्लोला घेण्यात आले. हार्लोचे नशीब उघडले ते या भूमिकेने.

प्रश्न (पणजी) : सध्याच्या पिढीतील कुणाचे काम आवर्जून पाहावे?

उत्तर : सर्वप्रथम रेनाते राइन्सवे यांचे. 2021 मध्ये योआकिम त्रिएर यांच्या ‘द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड’साठी त्यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्यापूर्वी त्या ट्रॉनहाइमच्या रंगभूमीवर काम करीत होत्या आणि चित्रपटात मनाजोगत्या भूमिका मिळेनात म्हणून अभिनय सोडून सुतारकाम करण्याच्या विचारात होत्या. 2025 च्या ‘सेंटिमेंटल व्हॅल्यू’मध्ये त्यांनी प्रवेशापूर्वी भीतीने गोठणारी रंगभूमीवरील नटी रंगवली आहे, आणि तिचे नाव नोरा ठेवण्यात दिग्दर्शकाचा खट्याळपणा दिसतो. त्यांचे सहकलाकार आंदेर्स दानिएल्सेन ली हे व्यवसायाने डॉक्टर असून अभिनयाबरोबर वैद्यकीही करतात. 2011 च्या ‘ऑस्लो, 31 ऑगस्ट’मधील व्यसनातून बाहेर येऊ पाहणारा त्यांचा तरुण आम्हाला त्यांच्या सर्व कामांत श्रेष्ठ वाटतो. दूरचित्रवाणीवर आनेके फोन देर लिप्पे यांचे काम पाहावे. 2015 मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा आंतरराष्ट्रीय एमी मिळाला.

आणि एवढे गंभीर झेपत नसेल तर 2001 चा ‘एलिंग’ लावावा. मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या दोघांना सरकार ऑस्लोत एक सदनिका देते. पेअर क्रिस्तियान एल्लेफसेन यांच्या एलिंगला दुकानापर्यंत जाणे आणि वाजणारा फोन उचलणे या दोन गोष्टी हिमालयाएवढ्या वाटतात, तर स्वेन नुर्दिन यांचा धिप्पाड शेल ब्यार्ने जेवण आणि बायका यांपलीकडे विचार करीत नाही. फोनच्या प्रसंगात एल्लेफसेन विनोद करण्याचा जरासुद्धा प्रयत्न करीत नाहीत, म्हणूनच प्रेक्षक हसतो.

(पुढील अंकासाठी फिनलंडच्या चित्रपटांविषयीचे प्रश्न पाठवावेत.)